थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेच्या स्पेस शटलची उलटी मोजणी त्रेचाळीस तासांपासून सुरू होत असे. परंतु मोजणीची सुरुवात आणि प्रत्यक्ष उड्डाण यांच्या दरम्यान सुमारे तीन दिवस जात. हा हिशेबातील घोटाळा नव्हे. फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्राच्या त्या प्रसिद्ध घड्याळात थांबे मुद्दाम घातलेले असत. काही थोड्या मिनिटांचे, काही कित्येक तासांचे. मागे पडलेली कामे त्या थांब्यांत उरकावयाची, शंका फेडावयाच्या, आणि सर्व मनासारखे झाले तरच घड्याळ पुढे चालू द्यावयाचे, अशी ती योजना होती. अखेरचा थांबा नऊ मिनिटांवर असे. तेथे प्रक्षेपण-संचालक एकेका विभागाच्या जबाबदार माणसाला विचारी, तयार आहात काय? एकाने नकार दिला की घड्याळ जागच्या जागी उभे राही. पुढे एकतीस सेकंदांवर सूत्रे यानावरील संगणकांच्या हाती जात. साडेसहा सेकंद उरले असता तीन मुख्य इंजिने पेटत आणि शून्यावर घन इंधनाचे दोन बूस्टर. इंजिने पेटल्यानंतरही बंद करता येत. बूस्टर मात्र एकदा पेटला की तो विझवण्याची सोय कोणाच्याही हाती नव्हती. २६ जून १९८४ रोजी डिस्कव्हरी यानाची इंजिने पेटू लागली, एकाने दगा दिला, आणि उड्डाणाला चार सेकंद उरले असताना संगणकाने सगळेच थांबवले. मंचावर हायड्रोजनची आग लागली, ती विझवली गेली, आणि सहाही अंतराळवीर आपल्या पायांनी बाहेर आले. शटलच्या कारकिर्दीत असे पाच वेळा घडले.

ज्यांनी ही यंत्रणा रचली त्यांनी विलंब हा कामाचाच एक भाग मानला होता, हे यावरून उघड व्हावे. मग त्याच केंद्रात, त्याच घड्याळासमोर, विलंब हा शब्द नामुष्कीचा कसा झाला? आणि थांबा म्हणणाऱ्या माणसावर आपले म्हणणे सिद्ध करून दाखवण्याचा बोजा कोणी टाकला? १९८६ व २००३ या दोन साली मिळून चौदा माणसांचे प्राण गेले. त्यांची कहाणी रबरी कड्यांची आणि फोमच्या तुकड्याची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ती एका वेळापत्रकाची कहाणीही दिसते, आणि तिची सुरुवात प्रक्षेपणमंचापासून फार दूर, हिशेबनीसांच्या टेबलावर झालेली आढळते.

शटल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मागावरचा धोटा. भिवंडी-इचलकरंजीच्या मागवाल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे अखंड फिरत राहिला तरच कापड निघते आणि मजुरी सुटते. थांबलेला धोटा म्हणजे नुकसान. अमेरिकेच्या या यानाच्या नावातच ते आश्वासन भरलेले होते. ५ जानेवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी शटलला मंजुरी जाहीर केली. चंद्रावरच्या मोहिमांचा उत्साह तोवर ओसरला होता, व्हिएतनामच्या युद्धाने तिजोरी पोखरली होती, आणि अर्थसंकल्प पाहणारे अधिकारी नासाला विचारीत होते की या नव्या यानाने देशाचे पैसे वाचणार ते कसे. उत्तर देण्यासाठी नासाने प्रिन्स्टन येथील मॅथेमॅटिका या संस्थेकडून आर्थिक अभ्यास करून घेतला. त्या संस्थेचे प्रमुख ऑस्कर मॉर्गेनस्टर्न. फॉन नॉयमन यांच्यासह १९४४ साली खेळ-सिद्धान्ताचा पायाभूत ग्रंथ लिहिणारे हे नाव अर्थशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याला परिचित आहे. अभ्यासाचा निष्कर्ष शटलला अनुकूल होता. मात्र एका गृहीतावर. बारा वर्षांत पाचशेहून अधिक उड्डाणे व्हावयास हवीत.

या गृहीताचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. शटलचा बहुतेक खर्च स्थिर स्वरूपाचा होता. कारखाने, मंच, हजारो प्रशिक्षित माणसे हे सारे वर्षाला एक उड्डाण झाले तरी पोसावयाचे आणि वीस झाली तरी पोसावयाचे. उड्डाणे वाढली की सरासरी खर्च घसरतो, कमी झाली की आकाशाला भिडतो. महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवला जाणारा हा सिद्धान्त निर्दोष आहे. त्यातील उड्डाणांची संख्या मात्र कोणत्याही कामगाराने, कोणत्याही पाळीत काम करून सिद्ध केलेली नव्हती. उत्तर जमावे म्हणून ती धरली होती. दर उड्डाणाला सुमारे एक कोटी डॉलर लागतील, असे तेव्हा सांगितले गेले. कार्यक्रम २०११ साली संपला तेव्हा सर्व खर्च मिळून दर उड्डाणामागे सुमारे दीडशे कोटी डॉलर पडल्याचे अभ्यासकांनी काढले. पहिला आकडा निव्वळ चालू खर्चाचा, दुसरा सगळा मिळून, शिवाय मधल्या महागाईचा. म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. त्यातच बांधणीच्या खर्चाला ५१५ कोटी डॉलरची मर्यादा घालण्यात आली. बांधताना वाचवलेला पैसा पुढे चालवताना भरावा लागतो, हे घरमालकालाही ठाऊक असते. येथे तो भरावयाचा होता देखभाल करणाऱ्यांच्या घामातून व झोपेतून.

आता ती देखभाल कशी होती ते पाहावे. शटल उतरल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा सज्ज होईल, असे मूळचे गणित. प्रत्यक्षात यान एका विशेष कार्यशाळेत नेऊन त्याच्याभोवती मचाणे उभारली जात आणि कामाला महिने लागत. यानाच्या अंगावर उष्णतारोधक सिलिका-फरशा असत. कोलंबियावर त्या तीस हजारांच्या घरात होत्या. जवळजवळ प्रत्येकीचा आकार निराळा, प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक, आणि प्रत्येक हाताने चिकटवावयाची. मार्च १९७९ मध्ये कोलंबिया विमानाच्या पाठीवर बसून फ्लॉरिडात आणले गेले तेव्हा हजारो फरशा बसवावयाच्या राहिल्या होत्या, आणि बसवलेल्यांपैकी काही वाटेत गळून पडल्या होत्या. पहिल्या उड्डाणाला झालेल्या विलंबाचा फार मोठा वाटा या फरशांचा. मुख्य इंजिनांना दोष दिला गेला तोही अर्थात खराच होता. दर उड्डाणानंतर इंजिने उतरवून तपासावी लागत. काही टाक्यांत हायड्रेझिनसारखे विषारी इंधन. ते भरावयाचे तर अंगभर बंद पोशाख घालून, श्वासाची हवा सोबत घेऊन.

बूस्टरचे तुकडे यूटामधील कारखान्यातून रेल्वेने येत. आगगाडीवर मावावेत म्हणून ते तुकड्यांत करावे लागले, आणि तुकडे आले म्हणजे सांधे आले. इंधनाची सत्तेचाळीस मीटर लांबीची मोठी टाकी न्यू ऑर्लिन्सहून तराफ्यावरून येई. जुळणीच्या अवाढव्य इमारतीत हे सर्व उभे जोडले जाई आणि मग साखळीपट्ट्यांवर चालणारे एक अजस्र वाहन त्या उभ्या डोलाऱ्याला पाठीवर घेऊन ताशी दीड किलोमीटरच्या वेगाने मंचाकडे निघे. साडेपाच किलोमीटरच्या वाटेला सहा तासांच्या आसपास लागत. उड्डाणाआधी काही तास टाकीत सातशे टनांहून अधिक द्रव हायड्रोजन व ऑक्सिजन भरावयाचे. हायड्रोजन शून्याखाली २५३ अंशांवर. हा वायू इतका सूक्ष्म की, जेथून पाणी काय, हवाही झिरपणार नाही अशा फटीतून तो बाहेर पडतो.

हे सारे ज्या हातांनी होत होते त्यांची नावे उड्डाणाच्या बातमीत येत नाहीत. १९ मार्च १९८१ रोजी, पहिल्या उड्डाणाला महिनाही उरला नव्हता, मंचावर उलट्या मोजणीची रंगीत तालीम झाली. आग लागू नये म्हणून यानाच्या शेपटाकडील कप्प्यात शुद्ध नायट्रोजन भरलेला होता. तालीम संपली, मंच मोकळा झाल्याचे सांगितले गेले, आणि कंत्राटदाराचे तंत्रज्ञ नेहमीच्या कामासाठी त्या कप्प्यात शिरले. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. श्वास कोंडल्याचेही माणसाला कळत नाही. ते कोसळले. एकाचा त्याच दिवशी मृत्यू झाला, दुसऱ्याचा काही दिवसांनी. म्हणजे शटलने अवकाशात पाऊल टाकण्यापूर्वीच दोन बळी घेतले होते. १२ एप्रिलला कोलंबिया उडाले तेव्हा साऱ्या जगाने दोन अंतराळवीरांची नावे पाठ केली. ते योग्यच होते. मात्र त्याआधी दोन दिवस, १० एप्रिलला, संगणकांच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून तेच उड्डाण थांबवण्यात आले होते, आणि त्या थांबण्याबद्दल कोणी कोणाला बोल लावला नव्हता. त्या वेळी उड्डाण अजून नवलाईचे होते. त्याची आगगाडी व्हावयाची होती.

१९८५ साली नऊ उड्डाणे झाली. त्याहून अधिक एका वर्षात पुढे कधीही झाली नाहीत. त्या वर्षी अटलांटिस यानाची दोन उड्डाणे अवघ्या चौपन्न दिवसांच्या अंतराने झाली आणि हाही विक्रमच राहिला. दोन आठवड्यांच्या गणिताशी हा आकडा ताडून पाहावा. तरीही १९८६ साठी पंधरा उड्डाणांचे वेळापत्रक आखले गेले आणि १९९० पर्यंत वर्षाला चोवीस हे उद्दिष्ट कायम ठेवण्यात आले. व्यापारी उपग्रहांची गिऱ्हाइके मिळवण्यासाठी युरोपच्या आरियान अग्निबाणाशी स्पर्धा होती. गिऱ्हाइकाला तारीख दिलेली होती.

तारीख पाळावयाची, पण सुटे भाग पुरेसे नाहीत. त्यांच्या खरेदीचा पैसा आधीच कापलेला. मग एका यानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवावयाचे. चॅलेंजरच्या अखेरच्या उड्डाणापूर्वी लागणाऱ्या सुमारे तीनशे भागांपैकी पंचेचाळीस असे दुसरीकडून उचललेले होते. जो भाग एकदा बसवून काम संपले असते तो काढावयाचा, न्यावयाचा, बसवावयाचा, पुन्हा तपासावयाचा, आणि ज्याचा काढला त्याच्यासाठी हेच सारे पुन्हा. काम दुप्पट, वेळ तोच. परिणामी काही कामगारांचे आठवड्याचे तास बहात्तरपर्यंत गेले, बारा-बारा तासांच्या पाळ्या नित्याच्या झाल्या. हे सर्व चौकशी आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते कधी आले नाही. पडद्यावर येण्याजोगी तेथे स्फोटाची ज्वाळा होती.

त्याच अहवालाच्या परिशिष्टात एक प्रसंग आहे. त्याची व्हावी तितकी चर्चा झालेली नाही. ६ जानेवारी १९८६. कोलंबियाचे उड्डाण डिसेंबरपासून पुढे ढकलले जात होते. त्या पहाटे एकतीस सेकंद उरले असता मोजणी थांबली, कारण इंजिनाकडे जाणाऱ्या ऑक्सिजनचे तापमान मर्यादेखाली गेलेले दिसले. शोध घेता कळले की नियंत्रण-कक्षातील चुकीमुळे टाकीतला आठ हजार किलोहून अधिक द्रव ऑक्सिजन नकळत बाहेर सोडला गेला होता. यान तसेच उडाले असते तर ठरलेली कक्षा गाठणे कठीण होते. त्या टेबलावरची माणसे सलग तिसऱ्या रात्री बारा तासांच्या पाळीवर होती आणि पाळीचा अकरावा तास चालू होता. त्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे. कोणत्याही गिरणीत, कोणत्याही रेल्वेच्या केबिनमध्ये तिसऱ्या रात्रपाळीच्या अखेरच्या तासाला माणसाचे डोळे काय करतात, हे पाळीवर काम केलेल्याला सांगावयास नको. या प्रसंगी विपत्ती टळली. बावीस दिवसांनी ती टळली नाही.

चॅलेंजरचे उड्डाणही २२ जानेवारीपासून पुढे सरकत आले होते. २६ तारखेला पाऊस येणार या अंदाजावर ते पुढे ढकलले, आणि त्या दिवशी आकाश निवळले. २७ तारखेला दाराच्या मुठीचा एक बोल्ट निघेना. अखेर करवत आणून मूठ कापावी लागली, तोवर आडवे वारे मर्यादेबाहेर गेले. अब्जावधी डॉलरचे यान आणि एक अडलेला बोल्ट! संध्याकाळच्या बातम्यांत नासाची भरपूर थट्टा झाली. अशा थट्टेचे ओझे कोणाच्या मनावर किती पडले, हे तराजूत तोलता येत नाही. परंतु ते पडलेच नाही, असेही कोणी समजू नये.

त्याच रात्री दूरध्वनीवरून ती बैठक झाली. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइस्जोली आणि आर्नी थॉम्प्सन सांगत होते की उद्या सकाळी थंडी कडाक्याची आहे, थंडीत सांध्यातील रबरी कड्या ताठरतात आणि फट वेळेवर बंद करीत नाहीत; आधीच्या वर्षीच्या जानेवारीत ५३ अंश फॅरनहाइटला उडालेल्या बूस्टरच्या सांध्यात जळालेली काजळी सापडली होती. म्हणून त्याहून कमी तापमानात उडू नये. कंपनीची पहिली शिफारस तशीच होती. नासाच्या मार्शल केंद्राचे अधिकारी लॉरेन्स मलॉय यांनी मग उडावयाचे तरी कधी, एप्रिलात काय, अशा अर्थाचा प्रश्न केला. कंपनीने थोडा अवधी मागून घेतला. त्या अवधीत वरिष्ठ व्यवस्थापक जेराल्ड मेसन यांनी अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी चढवण्यास सांगितले. शिफारस फिरली. कंपनीचे केनेडी केंद्रावरील प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी तिच्यावर सही करण्याचे नाकारले, तेव्हा ती यूटातील वरिष्ठाच्या सहीने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी, मंचावर बर्फ लोंबत असताना, चॅलेंजर उडाले. पुढले त्र्याहत्तर सेकंद सर्वांना ठाऊक आहेत.

या बैठकीत कोणी खोटे बोलले असे नव्हे. आयोगाला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून दडपण आल्याचा पुरावाही मिळाला नाही. घडले ते याहून साधे आणि याहून अधिक चिंताजनक आहे. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उडवू इच्छिणाऱ्यावर असे. त्या रात्री ती उलटली. उडू नका म्हणणाऱ्याने यान असुरक्षित आहे हे सिद्ध करावे, अशी अपेक्षा झाली. बॉइस्जोलींपाशी काळजी होती, काजळीची छायाचित्रे होती, कारकिर्दीचा अनुभव होता. संख्याशास्त्रीय सिद्धता नव्हती. ती असती कशी? इतक्या थंडीत कोणी उडालेच नव्हते. कोळशाच्या खाणीत छताकडे पाहून आज खाली उतरू नये असे म्हणणाऱ्या जुन्या खाणकामगारापाशीही सिद्धता नसते.

आयोगातील पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी एक साधी चौकशी केली. यान नष्ट होण्याची शक्यता किती, असे त्यांनी निरनिराळ्यांना विचारले. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एकाच्या जवळपासचा आकडा सांगत. व्यवस्थापनाचा आकडा लाखात एक. एकाच इमारतीत हजारपट अंतर. हिशेबाअखेर १३५ उड्डाणांत दोन याने गेली. अभियंत्यांचाही अंदाज थोडा आशावादीच ठरला.

यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ शटल उडाले नाही. पुन्हा सुरू झाल्यावर काही काळ थांबण्याला प्रतिष्ठा आली. १९९० च्या उन्हाळ्यात कोलंबियाच्या टाकीजवळ हायड्रोजनची गळती आढळली. मेअखेर ठरलेले उड्डाण शोधाशोध करीत करीत २ डिसेंबरला झाले, आणि त्यात काही बिघडले नाही. १९९५ साली तर सुतारपक्ष्यांनी डिस्कव्हरीच्या टाकीवरील फोमला सुमारे दोनशे भोके पाडली. टाकीला झाड समजणाऱ्या त्या बिचाऱ्यांवर वेळापत्रकाचे बंधन नव्हते. यान मंचावरून परत नेण्यात आले, भोके बुजवली गेली, आणि मंचावर घुबडांच्या प्रतिकृती टांगण्यात आल्या.

परंतु त्याच दशकात दुसरे एक चक्र फिरत होते. खर्च कापा, थोड्यात अधिक करा, हा त्या काळाचा मंत्र. १९९६ पासून शटलची बहुतेक देखभाल दोन बड्या कंपन्यांनी मिळून काढलेल्या एका खाजगी संस्थेकडे सोपवली गेली. १९९३ साली सरकारी व कंत्राटी मिळून तीस हजारांच्या घरात असलेले मनुष्यबळ २००२ साली साडेसतरा हजारांच्या आसपास आले. सरकारी निरीक्षकाने स्वतः पाहून सही करावयाच्या तपासण्याही कमी झाल्या. ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही तो शंका काढीत नाही, एवढे मानसशास्त्र समजण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

याच सुमारास एक नवी तारीख अवतरली: १९ फेब्रुवारी २००४. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा एक जोडभाग त्या दिवशी न्यावयाचा, म्हणजे स्थानकातील अमेरिकेचा गाभा पूर्ण झाला असे संसदेला सांगता येईल. ग्रहांच्या स्थितीवरून ठरणारी तारीख निराळी. गुरूकडे जाणारे यान त्या काही दिवसांत निघाले नाही तर वर्षभराहून अधिक थांबावे लागते, तेथे निसर्गापुढे इलाज नाही. ही तारीख मात्र कार्यालयात जन्मली होती. तरी ती निसर्गनियमासारखी पाळली जाऊ लागली. त्या दिवसापर्यंतचे दिवस, तास, मिनिटे व सेकंद मोजणारे चित्र अधिकाऱ्यांच्या संगणकांच्या पडद्यांसाठी तयार करून वाटण्यात आले. उलट्या मोजणीचे हे दुसरे घड्याळ. पहिल्यात थांबे होते, यात एकही नव्हता.

ऑक्टोबर २००२ मध्ये टाकीवरून फोमचा मोठा तुकडा सुटून बूस्टरवर आदळला. पुढील उड्डाण त्यासाठी अडवले गेले नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडाले तेव्हा ब्याऐंशी सेकंदांच्या सुमारास तसाच तुकडा डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी हेरगिरीच्या उपग्रहांकडून पंखाची छायाचित्रे मिळवावीत म्हणून तीनदा खटपट केली. ती वरच्या पातळीवर विरून गेली. व्यवस्थापनाच्या बैठकीत या आघाताचा विचार झाला तो मुख्यतः यान उतरल्यावर दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि पुढच्या उड्डाणाची तारीख राहील काय, या अंगाने. सात माणसे अजून वर होती. पंखाला पडलेले भोक हा वेळापत्रकातील एक मुद्दा ठरला होता. १ फेब्रुवारीला कोलंबिया टेक्ससच्या आकाशात तुटून पडले. कर्नालची कल्पना चावला त्यात होती. तिच्या मृत्यूने आपल्याकडे हळहळ झाली, रस्त्यांना व वसतिगृहांना तिचे नाव दिले गेले. चौकशी मंडळाचा अहवाल फारसा कोणी वाचला नाही. वेळापत्रकाच्या दडपणाविषयी त्यात स्वतंत्र विवेचन आहे.

येथे एखादा वाचक म्हणेल की हा सारा नफ्याच्या व्यवस्थेचा दोष. अंशतः तो आहेच. पण तेवढ्यावर सुटका करून घेणे समाजवाद्याला शोभणारे नाही. २४ ऑक्टोबर १९६० रोजी सोव्हिएत संघातील बैकोनूर येथे एका नव्या क्षेपणास्त्रात बिघाड आढळला होता. नियमाप्रमाणे इंधन काढून टाकून मग दुरुस्ती करावयाची. परंतु ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन जवळ आला होता. इंधन भरलेल्या क्षेपणास्त्राभोवतीच कामे चालू राहिली आणि मार्शल नेडेलिन स्वतः जवळच खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अकस्मात पेटले. मृतांचा आकडा शंभराच्या आसपास सांगितला जातो. नेडेलिन विमान अपघातात गेले, असे जाहीर झाले आणि सत्य सोव्हिएत जनतेला १९८९ मध्ये कळले. तेथे भागधारक नव्हते, गिऱ्हाईक नव्हते. होती ती वरून आलेली तारीख, आणि खाली नाही म्हणण्याची मुभा नसलेली माणसे. अमेरिकेत निदान उघड आयोग बसला, मॅकडोनाल्ड उभे राहून बोलले, त्यांची कंपनीने केलेली पदावनती संसदेच्या दडपणामुळे रद्द झाली. एवढा फरक लोकशाहीने पडतो, आणि तो थोडा नव्हे.

मालकी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचाच. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न मांडला नाही तर सार्वजनिक मालकीचे धरण, पूल, भट्टी वा रेल्वेमार्ग यांतही उद्घाटनाची तारीख तेच करील. काम थांबवण्याचा अधिकार प्रत्यक्ष काम करणाऱ्याला आहे काय? असल्यास तो वापरल्यावर त्याची पाळी, बढती, कंत्राटाचे नूतनीकरण शाबूत राहते काय? प्रकल्प रखडला की विधिमंडळात वाढीव खर्चाचा जाब विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. रखडण्यात भ्रष्टाचार असतो, दिरंगाई असते, हेही खरे. पण कोणता विलंब आळसाचा आणि कोणता कोणीतरी शंका घेतल्यामुळे झालेला, हे सांगणारा रकाना कोणत्याही प्रगती-अहवालात नसतो. दोन्ही एकाच लाल शाईत लिहिले जातात. कामगार संघटनांनी वेतन व तास यांच्या बरोबरीने या रकान्याची मागणी करारात का घालू नये? सुरक्षा समितीत कंत्राटी कामगाराचा प्रतिनिधी का नसावा? केनेडी केंद्रावर नायट्रोजनच्या कप्प्यात शिरलेले कंत्राटाचेच होते.

शटल निवृत्त झाले तेव्हा त्या केंद्रातील हजारो कंत्राटी कामगारांना घरी जावे लागले. तीस वर्षांत कमावलेले हातांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. त्याच शटलची इंजिने नव्या अग्निबाणाला जोडून नासाने २०२२ साली आर्टेमिसची पहिली, मानवरहित मोहीम आखली. २९ ऑगस्टला ती थांबवली गेली. ३ सप्टेंबरला हायड्रोजनच्या गळतीने पुन्हा थांबली. अखेर १५ नोव्हेंबरच्या रात्री टाकी भरीत असताना मंचावरील एका झडपेतून हायड्रोजन गळू लागला. या वेळी इंधन भरलेल्या अग्निबाणापाशी तीन तंत्रज्ञ पाठवण्यात आले. त्या कामासाठी खास शिकवून तयार ठेवलेली ती तुकडी होती. डोक्यावर करकरणारा, वाफा सोडणारा तो अठ्ठ्याण्णव मीटरचा अग्निबाण, आणि खाली नट आवळणारी तीन माणसे. त्यांचे काम झाले आणि ती बाहेर आली. उड्डाण ठरल्यापेक्षा त्रेचाळीस मिनिटे उशिरा, १६ तारखेच्या पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी झाले.